अहिल्यानगर जिल्ह्यातील सार्वजनिक वाहतूक

अहिल्यानगर जिल्ह्यातील सार्वजनिक वाहतूक ही मुख्यतः महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या (एसटी) बससेवेवर आणि दौंड–मनमाड लोहमार्गावर अवलंबून आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा (सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके) पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, बीड व सोलापूर या शहरांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या संगमावर वसला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती आणि तिच्यातील फार मोठा भाग ग्रामीण आहे. मुंबई राज्याच्या सरकारी एसटी सेवेची पहिली बस १ जून १९४८ रोजी अहमदनगर–पुणे मार्गावर धावली. त्यामुळे राज्याच्या परिवहन इतिहासात या शहराला विशेष स्थान आहे.

शहर व जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ मध्ये अहमदनगर बदलून अहिल्यानगर करण्यात आले. रेल्वे स्थानकाचे नाव सप्टेंबर २०२५ मध्ये बदलले. या लेखात जुन्या घटनांच्या संदर्भात त्या काळी प्रचलित असलेले नाव ठेवले आहे. बोलीभाषेत शहराला पूर्वीपासून नुसते 'नगर' म्हणतात. बसच्या पाट्यांवरही हाच शब्द वर्षानुवर्षे लिहिला जात होता.

भौगोलिक पार्श्वभूमी

जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग सर्रास मानले जातात आणि वाहतुकीचा विचार करताना ही विभागणी उपयोगी पडते. प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांखालील उत्तर भागात (कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर) ऊस, सहकारी साखर कारखाने आणि बाजारपेठेची गावे आहेत. तेथे रस्ते व प्रवासी दोन्ही दाट आहेत. दक्षिणेकडील जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर हा भाग अवर्षणप्रवण असून वस्ती विखुरलेली आहे. पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीच्या डोंगररांगांत असून तेथील आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचणे हा वेगळाच प्रश्न आहे.

रेल्वेचा जिल्ह्याला होणारा उपयोग मर्यादित आहे. दौंड–मनमाड मार्ग जिल्ह्याच्या मधून दक्षिणोत्तर जातो. अकोले, संगमनेर, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, पारनेर, कर्जत आणि जामखेड या तालुक्यांच्या गावी रेल्वे नाही. ज्या तालुक्यांतून मार्ग जातो तेथेही स्थानक गावात असतेच असे नाही. श्रीगोंदा रोड हे नावच स्थानक गावापासून दूर असल्याचे सांगते. राहुरीचे स्थानकही शहरापासून काही किलोमीटर अंतरावर आहे. श्रीरामपूर शहरातील स्थानकाचे नाव बेलापूर आहे. बेलापूर हे जुने गाव तेथून दूर प्रवरेकाठी राहिले आणि स्थानकाभोवती बाजारपेठ वाढून श्रीरामपूर शहर उभे राहिले. त्यामुळे जिल्ह्यातील बहुतेक लोकांसाठी सार्वजनिक वाहतूक म्हणजे एसटी हेच समीकरण आहे.

दौंड–मनमाड लोहमार्ग

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुंबईहून ईशान्येकडे व आग्नेयेकडे जाणारे दोन मुख्य मार्ग अनुक्रमे मनमाड व दौंड येथून जातात. या दोहोंना जोडणारा 'धोंड–मनमाड स्टेट रेल्वे' हा मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास (१८७६–७८) दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. मार्गाच्या भरावाचे बरेचसे काम दुष्काळी कामांतून झाले आणि मार्ग पूर्ण होताच त्याचा उपयोग धान्य आणण्यासाठी होऊ लागला.

हा मार्ग आखताना दोन मुख्य मार्गांना जोडणे हा हेतू होता. नगर शहराला मुंबईशी किंवा पुण्याशी थेट जोडणे हा हेतू नव्हता. त्याचे परिणाम आजही जाणवतात. नगर–पुणे हे रस्त्याने सुमारे १२० किलोमीटरचे अंतर रेल्वेने दौंडमार्गे सुमारे १६० किलोमीटर होते. शिवाय पुण्याहून नगरकडे येणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून विरुद्ध टोकाला लावावे लागे. अलीकडे दौंड येथे जोडमार्ग आणि त्यावर 'दौंड कॉर्ड लाइन' हे स्थानक झाल्याने काही गाड्यांचा हा वेळ वाचतो. तरीही नगरहून पुण्यास रोज ये-जा करणारा नोकरदार किंवा विद्यार्थी रेल्वेपेक्षा बसच पसंत करतो.

दीर्घकाळ एकेरी असलेल्या या मार्गावर उत्तर व दक्षिण भारतातील लांब पल्ल्याच्या गाड्यांची आणि मालगाड्यांची मोठी वर्दळ असते. स्थानिक प्रवाशांसाठी असलेल्या गाड्यांना समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबून राहावे लागते. यावर उपाय म्हणून सुमारे २४७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. पुणतांब्याहून साईनगर शिर्डीपर्यंतचा सुमारे १७ किलोमीटरचा फाटा २००९ मध्ये सुरू झाला आणि शिर्डीला देशाच्या अनेक भागांतून थेट गाड्या येऊ लागल्या.

एसटीचा प्रारंभ

स्वातंत्र्यापूर्वी मुंबई प्रांतात प्रवासी वाहतूक खाजगी मोटारमालकांच्या हाती होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने व मार्ग यांवर काही नियंत्रण आले, पण वेळापत्रक न पाळणे, क्षमतेबाहेर माणसे भरणे, मनमानी भाडे आकारणे हे प्रकार चालूच राहिले. फायदा नसलेल्या गावांना मोटार मिळतच नसे. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारने ही वाहतूक आपल्या हाती घेण्याचे ठरवले आणि 'स्टेट ट्रान्सपोर्ट' सेवा सुरू केली. लोकांनी पुढे त्या इंग्रजी नावाची आद्याक्षरेच उचलली.

१ जून १९४८ रोजी पहिली बस अहमदनगर व पुणे यांच्या दरम्यान धावली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे होते. बस बेडफोर्ड बनावटीची, लाकडी सांगाड्याची व ३० आसनांची होती. तिचा रंग निळा व रुपेरी होता. ज्या लाल रंगामुळे एसटीला 'लाल परी' म्हणतात तो पुढे आला. बस नगरहून पुण्यास गेली की पुण्याहून नगरला आली, याविषयी लेखनात एकवाक्यता नाही. इंग्रजी लेखनात अनेकदा 'पुणे ते अहमदनगर' असा उल्लेख सापडतो. मराठी वृत्तपत्रांतील आठवणींमध्ये मात्र बस सकाळी नगरच्या माळीवाडा भागातून निघाली आणि वाटेत गावोगावी लोकांनी तिचे स्वागत केले, असे वर्णन असते. पुण्यात शिरताना खाजगी वाहतूकदारांचा विरोध लक्षात घेऊन पोलीस सोबत होते, असेही या आठवणींत सांगितले जाते.

या प्रवासाच्या भाड्याविषयीही गोंधळ आहे. काही लेखांत ते 'नऊ पैसे' दिले आहे. हे संपूर्ण प्रवासाचे भाडे असणे शक्य नाही. दशमान नाणी १९५७ मध्ये आली. १९४८ मध्ये रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. म्हणजे नऊ पैसे केवळ सव्वादोन आणे होतात आणि ७५ मैलांच्या प्रवासास ते फारच अपुरे आहेत. 'नऊ' हा आकडा प्रतिमैल दराचा मानला आणि एकक 'पै' धरले, तर पूर्ण भाडे साडेतीन रुपयांच्या आसपास येते. 'नऊ पैसे मैल' धरल्यास ते दहा रुपयांवर जाते. आठवणींमध्ये अडीच रुपये असाही आकडा आढळतो. यांपैकी पै धरून येणारा आकडा त्या काळच्या भाड्यांच्या जवळ जाणारा दिसतो. 'नऊ पैसे' हा उल्लेख पै आणि पैसा यांच्या घोटाळ्यातून आला असावा.

सुरुवातीच्या काळात शेव्हरोले, फोर्ड, बेडफोर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट अशा निरनिराळ्या बनावटीच्या गाड्या वापरात होत्या. इतक्या प्रकारच्या गाड्यांचे सुटे भाग सांभाळणे हे कार्यशाळांपुढचे मोठेच आव्हान असणार. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने या सेवेला महामंडळाचे कायदेशीर रूप मिळाले आणि महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर तिचे आजचे नाव रूढ झाले. राज्यातील प्रवासी वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण टप्प्याटप्प्याने होत १९७४ मध्ये पूर्ण झाले.

एसटीचा अहिल्यानगर विभाग

महामंडळाच्या रचनेत साधारणतः एका जिल्ह्याचा एक विभाग असतो आणि विभागाखाली आगारे असतात. तारकपूर (अहिल्यानगर शहर), श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर, अकोले, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, जामखेड, श्रीगोंदा आणि पारनेर येथे या विभागाची आगारे आहेत. शहरात माळीवाडा, तारकपूर व स्वस्तिक चौक अशी तीन बसस्थानके असून कोणत्या दिशेची बस कोठून मिळेल हे नवख्या प्रवाशाला विचारूनच कळते. स्वस्तिक चौकातील स्थानक 'पुणे स्टँड' म्हणून ओळखले जाते.

नगर हे लांब पल्ल्याच्या बसचे मोठे थांब्याचे ठिकाण आहे. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, नांदेड, अकोला, जळगाव या भागांकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या येथून जातात. त्यामुळे मराठवाडा व विदर्भातून पुण्यात शिकायला किंवा कामाला गेलेल्या पिढ्यांना नगरचे स्थानक रात्री-अपरात्री चहासाठी उतरण्याचे ठिकाण म्हणून ठाऊक आहे. या गाड्यांचे उत्पन्न चांगले असते. विभागाचा खरा सामाजिक भार मात्र आगारांतून खेड्यांकडे सुटणाऱ्या साध्या गाड्यांवर आहे.

या गाड्यांपैकी 'मुक्कामी गाडी' ही पद्धत समजून घेण्याजोगी आहे. बस संध्याकाळची शेवटची फेरी करून मार्गाच्या टोकाच्या गावीच थांबते. चालक-वाहक तेथेच ग्रामपंचायतीत, मंदिरात किंवा बसमध्ये झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याकडे निघते. तिच्यात माध्यमिक शाळेचे व महाविद्यालयाचे विद्यार्थी, दवाखान्यात निघालेले रुग्ण, बाजाराला जाणारे शेतकरी असतात. मुक्कामी गाडी बंद झाली तर गावातील विद्यार्थ्यांना पहिला तास गाठता येत नाही. म्हणूनच अशी गाडी बंद करण्याविरुद्ध ग्रामसभेचे ठराव आणि आगारप्रमुखांना निवेदने ही ग्रामीण भागातील नित्याची गोष्ट आहे. महामंडळाच्या हिशेबात अशा फेरीचे भारमान, म्हणजे उपलब्ध आसनांपैकी भरलेल्या आसनांचे प्रमाण, फार कमी असते. परतीच्या फेरीला तर बस जवळजवळ रिकामी धावते. तोट्याची फेरी आणि गावाची गरज हे दोन्ही एकाच वेळी खरे असतात.

सवलती आणि अर्थकारण

एसटीतून प्रवास करणाऱ्या निरनिराळ्या गटांना भाड्यात सवलत आहे व तिची भरपाई राज्य शासनाने महामंडळाला द्यावयाची असते. विद्यार्थ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते. ग्रामीण भागातील इयत्ता पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी मोफत पास देणाऱ्या योजनेला अहिल्याबाई होळकर यांचे नाव आहे. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चौंडी येथे १७२५ मध्ये झाला. जिल्ह्याचे आजचे नावही त्यांच्यावरूनच आले आहे. गावात सातवीपर्यंतच शाळा असली, की पुढे मुलीला शिकवायचे की नाही हा निर्णय बऱ्याच घरांत बसच्या वेळापत्रकावर ठरतो. त्यामुळे या योजनेचे महत्त्व भाड्याच्या रकमेपेक्षा मोठे आहे. तथापि पास मोफत असून गाडीच वेळेवर येत नसेल तर त्याचा उपयोग होत नाही.

७५ वर्षांवरील नागरिकांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत, तर महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवासाची सवलत मिळाली. यानंतर राज्यभर एसटीकडे महिला प्रवाशांचा ओघ वाढला. तोपर्यंत 'वडाप' किंवा 'काळी-पिवळी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खाजगी जीपगाड्यांकडे वळलेला काही प्रवासी वर्गही परत आला. या जीपगाड्या प्रवासी भरल्याखेरीज निघत नाहीत आणि दाटीने माणसे बसवतात. पण बस नसलेल्या वेळी त्याच उपलब्ध असतात, म्हणून त्यांचे अस्तित्व टिकून आहे.

महामंडळाच्या आर्थिक अडचणी जुन्या आहेत. इंधनाचे दर, वेतनखर्च, तोट्याच्या फेऱ्या, शासनाकडून येणाऱ्या भरपाईला लागणारा वेळ आणि उत्पन्नावरील १७.५ टक्के प्रवासी कर ही त्यांची नेहमी सांगितली जाणारी कारणे आहेत. एका बाजूला सामाजिक कर्तव्य म्हणून तोट्याच्या मार्गावर गाडी चालवायची आणि दुसऱ्या बाजूला मिळालेल्या भाड्यातून शासनालाच कर भरायचा, ही रचना विसंगत असल्याची टीका कर्मचारी संघटना आणि अभ्यासक करत आले आहेत. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस महामंडळाचे शासनात विलीनीकरण करावे या प्रमुख मागणीसाठी राज्यभर संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मिटला. विलीनीकरण झाले नाही. सुमारे साडेपाच महिन्यांच्या या काळात रेल्वे नसलेल्या तालुक्यांमध्ये पर्यायी सार्वजनिक वाहतूक जवळजवळ उरली नव्हती. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले.

संप मिटल्यानंतर दीडच महिन्यात, १ जून २०२२ रोजी, महामंडळाच्या वर्धापनदिनी 'शिवाई' ही पहिली विजेवर चालणारी बस पुणे–अहमदनगर याच मार्गावर सुरू करण्यात आली. मार्गाची निवड अर्थातच १९४८ च्या स्मरणार्थ होती. तथापि १२० किलोमीटरचे अंतर एका चार्जिंगमध्ये सहज पार होत असल्याने ती तांत्रिकदृष्ट्याही सोयीची होती.

शहरांतर्गत बससेवा

अहमदनगर नगरपालिकेची महानगरपालिका २००३ मध्ये झाली. सुमारे साडेतीन लाख लोकसंख्येच्या (२०११) या शहरात महापालिकेची शहर बससेवा खाजगी ठेकेदारामार्फत चालवण्यात आली, परंतु ती अनेकदा बंद पडली व पुन्हा सुरू झाली. अशा ठेक्यांत उत्पन्नाचा धोका ठेकेदाराकडे असतो आणि तोटा वाढला की नुकसानभरपाईच्या रकमेवरून वाद होतो. मध्यम आकाराच्या शहरांचा हा सार्वत्रिक अनुभव आहे. शहर फार पसरलेले नसल्याने लोक दुचाकी किंवा सामायिक रिक्षाने जातात आणि बसला पुरेसे प्रवासी मिळत नाहीत. गाड्या कमी म्हणून फेऱ्या विरळ आणि फेऱ्या विरळ म्हणून प्रवासी कमी, असे हे चक्र चालते. सावेडी, केडगाव, भिंगार, नागापूर औद्योगिक वसाहत आणि बाजारपेठ यांना जोडणाऱ्या सेवेची गरज मात्र कायम आहे. औद्योगिक वसाहतीतील पाळीच्या कामगारांना आणि उपनगरांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तिचा सर्वाधिक उपयोग होतो.

केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या 'पीएम ई-बस सेवा' योजनेत या शहराचा समावेश झाला. ५७,६१३ कोटी रुपयांच्या या योजनेत देशभरातील शहरांना १०,००० विद्युत बस द्यावयाच्या आहेत. तिच्यातील भाडेपद्धती जुन्या ठेक्यांहून वेगळी आहे. चालविणाऱ्या कंपनीला प्रवासी किती मिळाले यावर नव्हे, तर बस किती किलोमीटर धावली यावर मोबदला मिळतो. प्रतिकिलोमीटर ठरावीक रक्कम केंद्र दहा वर्षे देते आणि उरलेला भार स्थानिक संस्था व राज्य उचलतात. यामुळे ठेकेदार मध्येच सेवा सोडून जाण्याची शक्यता कमी होते. मात्र तिकिटातून आलेले उत्पन्न आणि द्यावयाचा मोबदला यांतील तफावत महापालिकेच्या तिजोरीवर पडते.

शहरातून जाणाऱ्या अवजड वाहनांची कोंडी कमी करण्यासाठी सक्कर चौकापासून सुमारे तीन किलोमीटर लांबीचा उड्डाणपूल बांधण्यात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. या पुलाचा उपयोग प्रामुख्याने शहरात न थांबणाऱ्या वाहनांना होतो.

अहिल्यानगर–बीड–परळी लोहमार्ग

जिल्ह्याशी संबंधित पायाभूत प्रकल्पांत सर्वाधिक काळ चर्चेत राहिलेला प्रकल्प म्हणजे अहिल्यानगर–बीड–परळी वैजनाथ हा सुमारे २६१ किलोमीटरचा लोहमार्ग होय. बीड हे रेल्वे नसलेले जिल्ह्याचे ठिकाण होते आणि तेथील जनतेने या मार्गासाठी अनेक दशके आंदोलने केली. १९९५ च्या सुमारास प्रकल्पाला मंजुरी मिळाली तेव्हा त्याचा अंदाजित खर्च ३५३ कोटी रुपये होता. पुढे निधी तुटपुंजा मिळत गेला, भूसंपादन रेंगाळले आणि खर्च वाढत गेला. सुधारित अंदाज ४,८०५ कोटी रुपयांवर पोहोचला, म्हणजे मूळ रकमेच्या तेरा पटींहून अधिक. राज्य शासनाने निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केल्यानंतर कामाला वेग आला. प्रकल्पाचा पाठपुरावा करणाऱ्यांमध्ये गोपीनाथ मुंडे यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. मार्गावर गाडी धावलेली पाहण्यापूर्वीच, २०१४ मध्ये, त्यांचे निधन झाले.

नगर ते नारायणडोह हा सुमारे १२ किलोमीटरचा पहिला टप्पा आधी तयार झाला. नगर ते नवी आष्टी या ६६ किलोमीटरच्या मार्गावर २३ सप्टेंबर २०२२ रोजी प्रवासी गाडी सुरू झाली. सुरुवातीस प्रतिसाद बेताचाच होता, कारण आष्टी–नगर हा टप्पा एसटीनेही सहज होत असे. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी याच मार्गावर नगर तालुक्यात वाळुंजजवळ गाडीच्या डब्यांना आग लागली. प्रवासी वेळीच उतरल्याने जीवितहानी झाली नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते बीड–अहिल्यानगर रेल्वेसेवा सुरू झाली. साध्या प्रवासी गाडीचे भाडे एसटीच्या मानाने बरेच कमी आहे, परंतु प्रवासाला लागणारा वेळ जास्त आहे. बीडहून परळीपर्यंतचा टप्पा पूर्ण झाल्यावर मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे नवा मार्ग खुला होईल आणि नगर हे त्यावरील जंक्शन ठरेल.

इतर मार्ग व प्रस्ताव

कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्ग (क्रमांक ६१, पूर्वीचा २२२) माळशेज घाटातून नगर व पाथर्डीमार्गे मराठवाड्यात जातो. सिन्नरकडून शिर्डी, नगर व दौंडकडे जाणारा महामार्ग क्रमांक १६० हा साईभक्तांच्या वाहतुकीमुळे सतत गजबजलेला असतो. त्याच्या नगर–कोपरगाव टप्प्याची दुरवस्था हा जिल्ह्यात वारंवार आंदोलनांचा विषय झाला आहे. पुणे–नाशिक महामार्ग (क्रमांक ६०) संगमनेरहून जातो. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटरचा पूर्ण महामार्ग जून २०२५ मध्ये वाहतुकीस मिळाला. जिल्ह्यात तो कोपरगाव तालुक्यातून जातो.

शिर्डी विमानतळ (काकडी, कोपरगाव तालुका) १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झाला. तेथील प्रवासी जवळजवळ सर्वच तीर्थयात्री असतात.

कल्याण–नगर लोहमार्गाची मागणी अनेक दशके होत आहे. माळशेजच्या घाटामुळे तो खर्चिक ठरतो आणि सर्वेक्षणांपलीकडे गेलेला नाही. पुणे–नाशिक या सुमारे २३५ किलोमीटरच्या नियोजित मध्यम-अतिजलद लोहमार्गाच्या मूळ आखणीत संगमनेर तालुका होता. ही आखणी जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) परिसरातून जात असल्याने दुर्बिणीच्या निरीक्षणांत व्यत्यय येईल असा आक्षेप निघाला. त्यावर शिर्डीमार्गे वळवलेला पर्याय पुढे आला. या बदलाने शिर्डी व नगर हे भाग मार्गाच्या जवळ येतात, तर संगमनेर, अकोले हा भाग रेल्वेपासून दूर राहतो. त्यामुळे संगमनेर व जुन्नर परिसरातून मूळ आखणी कायम ठेवण्याची मागणी होत आहे.